स्ट्रटोक: स्वल्पविरामाला चालते, दंडाला नाही

सी भाषेत मजकूर म्हणजे स्मृतीत ओळीने मांडलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट. लांबीची वेगळी नोंद कुठेही नसते. शून्य आले की मजकूर संपला. मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारे स्ट्रटोक हे फंक्शन १९८९च्या प्रमाणित सी भाषेपासून उपलब्ध आहे आणि ते याच नियमाचा फायदा घेते.

समजा, ‘पुणे,नाशिक,,सांगली’ हा मजकूर स्वल्पविरामावर तोडायचा आहे. अक्षरे बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे उकार-मात्रा धरून ४ चिन्हांचे ‘पुणे’ १२ बाइटांत मावते आणि तेराव्या जागी स्वल्पविराम येतो. स्ट्रटोक त्या स्वल्पविरामाच्या जागी शून्य लिहिते, ‘पुणे’च्या पहिल्या बाइटाचा पत्ता परत देते आणि पुढे कुठून सुरुवात करायची ती जागा स्वतःजवळ नोंदवून ठेवते. पुढच्या वेळी मजकुराऐवजी नल (म्हणजे कोणताच पत्ता नाही) दिले, की काम तिथून पुढे चालू होते. नवी स्मृती मागावी लागत नाही, ही यातली खरी काटकसर. पण मूळ मजकूर मात्र कायमचा बदलतो. शिवाय नोंदवलेली जागा एकच असल्याने, ओळी तोडत असतानाच प्रत्येक ओळीतले शब्दही तोडू गेल्यास बाहेरच्या कामाची नोंद पुसली जाते. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकातील स्ट्रटोक_आर ही नोंद वापरणाऱ्याच्याच ताब्यात देते, म्हणून तेच वापरावे. लागोपाठचे दोन स्वल्पविराम दोन्ही फंक्शने एकच धरतात आणि नाशिक-सांगलीमधला रिकामा रकाना नाहीसा होतो. तक्त्यांसाठी म्हणूनच बीएसडी या युनिक्सच्या कुळातील प्रणालीतले स्ट्रसेप बरे, कारण ते रिकामा रकाना रिकामाच परत देते.

मराठी मजकुरात खरी गंमत दंडापाशी होते. अभंगाचे चरण ‘।’ या चिन्हावर तोडावेत, असे कुणाच्याही मनात येईल. परंतु स्ट्रटोकला दिलेली विभाजकांची यादी हा सुट्या बाइटांचा संच असतो, आणि दंड म्हणजे २२४, १६५ व १६४ असे तीन बाइट. यांपैकी कोणताही एक दिसला, तरी स्ट्रटोक तिथे तोडते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, तेव्हा प्रत्येक अक्षरावर सुरी चालते. ‘तुका’ या शब्दातला त (२२४, १६४, १६४) समूळ नाहीसा होतो. उकार, क आणि काना यांचे अनुक्रमे १२९, १४९ व १९० एवढेच बाइट उरतात आणि तेच तीन स्वतंत्र टोकन म्हणून हाती येतात. स्वल्पविरामाच्या बाबतीत असे घडत नाही, कारण त्याचा ४४ हा बाइट यूटीएफ-८मधील कोणत्याही बहुबाइटी चिन्हाच्या पोटात येऊच शकत नाही. दंडावर तोडायचे असेल, तर मजकुरात दुसरा मजकूर शोधणारे स्ट्रस्ट्र हे फंक्शन वापरून तीन बाइटांचा सलग क्रम शोधावा, त्यातल्या पहिल्या बाइटाच्या जागी शून्य लिहावे आणि पुढचा शोध तिथून ३ बाइट सोडून सुरू करावा.