ई-सिगारेटचे द्रव आणि सुटे भाग

ई-सिगारेट हे बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. त्यात निकोटीन असलेले द्रव तापते आणि त्याची वाफ तोंडाने ओढली जाते. बोलण्यात सगळे तिला व्हेप म्हणतात. आजचा प्रचलित प्रकार २००३ साली चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी तयार केला.

भारतात तिच्यावर बंदी आहे. कर्नाटकाने जून २०१६ मध्येच बंदी घातली होती. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अख्खे उपकरण नव्हे, नुसता सुटा भाग विकला तरी कलम लागते. कायदा केंद्राचा असल्यामुळे कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात कागल-कोल्हापूरला गेल्याने काही बदलत नाही. बंदी असूनही माल चोरट्या वाटेने येतो आणि कॉलेजच्या पोरांच्या हाती पडतो, म्हणून त्या बाटलीवरचे आकडे काय सांगतात हे सीमाभागातल्या पालकांनाही कळले पाहिजे.

द्रवात चार गोष्टी असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. ग्लिसरीन म्हणजे थंडीत टाचा फुटल्यावर आपण मेडिकलमधून आणतो तेच. ते घट्ट, किंचित गोड, आणि दाट वाफ देणारे असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असते, स्वाद नीट वाहून नेते आणि घशाला झोंबते. लहान पॉडमध्ये, म्हणजे द्रवाची छोटी डबी बसवलेल्या व्हेपमध्ये, साधारण निम्मे-निम्मे मिश्रण चालते, कारण ग्लिसरीन वाढले की बारीक कापसातून द्रव वेळेवर वर चढत नाही. ७० टक्के ग्लिसरीनचे द्रव मोठ्या, जास्त वॅटच्या उपकरणांसाठी असते.

खरा प्रश्न निकोटीनचा आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या काळ्या रानात पिकणाऱ्या विडी-तंबाखूत जे निकोटीन असते, तेच या रंगीत बाटलीत असते. तंबाखूच्या दवाने भिजलेल्या पानांत काम करताना मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी असा त्रास होतो. तो ओल्या पानातले निकोटीन कातडीतून अंगात गेल्याने होतो. तंबाखू लागणे म्हणजे काय, हे या भागात कुणाला शिकवावे लागत नाही. व्हेपचे द्रव हातावर सांडले तर तीच वाट उघडी असते, आणि फळांच्या वासामुळे त्याची शंकाही येत नाही.

निकोटीनचे प्रमाण दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम असे लिहितात : ३, ६, १२, २०. काही बाटल्यांवर ते टक्क्यांत असते आणि नवखा माणूस तिथेच फसतो. ५ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघाने कमाल मर्यादा २० ठरवली आहे, बाटली १० मिलिलिटरची आणि टाकी २ मिलिलिटरची. साधे निकोटीन जास्त झाले की घसा जळतो आणि माणूस आपोआप थांबतो. निकोटीन सॉल्टमध्ये बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून ही जळजळ घालवलेली असते, त्यामुळे मोठी मात्रा सहज ओढली जाते. कधी विडी न ओढलेल्या पोराला व्यसन लावायला याहून सोपा मार्ग नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

स्वाद 'खाण्यायोग्य' आहे एवढ्यावर विसंबू नये. डायअसेटिलमुळे लोण्यासारखा वास येतो. ते पोटात गेले तर चालते, पण त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या अमेरिकेतील पॉपकॉर्न कारखान्यांच्या कामगारांची फुप्फुसे कायमची निकामी झाली. २०१९ मध्ये अमेरिकेतच व्हेपमुळे फुप्फुसांच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय गांजातील नशाद्रव्याच्या द्रवात भेसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर होता, आणि तो माल बहुतेक अनधिकृत होता. आपल्याकडे तर सगळाच माल अनधिकृत. लेबल तपासणारे कुणी नाही.

सुट्या भागांत कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, महत्त्वाची. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला किंवा शेगडी-गिझर दुरुस्त करणाऱ्याला ही तार ओळखीची : नायक्रोम, लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची कँथल, किंवा स्टेनलेस स्टील. तिच्याभोवती कापूस असतो. तिचा रोध ओहममध्ये मोजतात. १ ओहमच्या पुढची कॉइल कमी तापते, वाफ थोडी देते. ओहम खाली आले की विजेचा प्रवाह वाढतो : पूर्ण चार्ज झालेली ४.२ व्होल्टची बॅटरी १ ओहमवर ४.२ अँपिअर देते, ०.२ ओहमवर २१. साध्या बॅटरीला तो भार पेलत नाही. म्हणून जास्त निकोटीनचे सॉल्ट कमी ओहमच्या कॉइलवर ओढणे दुहेरी धोक्याचे आहे : मात्राही वाढते आणि बॅटरीही तापते.

नवी कॉइल बसवल्यावर कापूस पूर्ण भिजायला काही मिनिटे लागतात. कोरड्या कापसावर बटण दाबले तर तो करपतो, घशात जळका चटका बसतो. कॉइल अशी तापली की फॉर्माल्डिहाइड वाढते. बदलता येणाऱ्या बॅटऱ्या बहुधा १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतात. बाहेरचे प्लास्टिकचे वेष्टन फाटलेली सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांशी टेकली तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते.

विडी किंवा सिगारेट सोडण्यासाठी म्हणून कुणी व्हेपकडे वळत असेल, तर त्याला कायदेशीर वाट मोकळी आहे. २ आणि ४ मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते आणि तिच्यातली मात्रा माहीत असते. केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत आहे.

घरात अशी बाटली सापडलीच तर ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. २० मिलिग्रॅमच्या १० मिलिलिटर बाटलीत एकूण २०० मिलिग्रॅम निकोटीन असते आणि मुलाच्या जिवाला धोका व्हायला त्यातला थोडा भागही पुरतो. कातडीवर सांडल्यास लगेच साबण-पाण्याने धुवावे. मुलाने गिळल्यास उलटी करवण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना प्रमाण कळावे म्हणून बाटलीही बरोबर घ्यावी.