ओल्ड्समोबिल : मधल्या पायरीवरच्या मोटारीचा उदय आणि अस्त

जनरल मोटर्सने १२ डिसेंबर २००० रोजी ओल्ड्समोबिल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा अमेरिकेत चालू असलेल्या मोटारींच्या नाममुद्रांमध्ये तिच्याइतकी जुनी दुसरी उरलेली नव्हती. अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी हीच नाममुद्रा वर्षाला दहा लाखांहून अधिक गाड्या विकत होती. एवढी घसरण इतक्या थोड्या काळात कशी झाली, याचा दोष बहुतेक वेळा १९८८ च्या एका जाहिरात मोहिमेवर टाकला जातो. माझ्या मते ती मोहीम फार उशिराची गोष्ट आहे. ऱ्हासाची मुळे विक्री ऐन भरात असतानाच, १९७० च्या दशकात रुजली होती, आणि ती नीट दिसण्यासाठी या गाडीला अमेरिकी बाजारात तिची जागा कशी मिळाली होती हे आधी पाहावे लागते.

रॅन्सम एली ओल्ड्स या तंत्रज्ञाने ऑगस्ट १८९७ मध्ये मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे मोटार कंपनी स्थापन केली. वडिलांच्या यंत्रशाळेत तो इंजिने बनवायला शिकला होता आणि वाफेवर चालणाऱ्या गाडीचे प्रयोगही त्याने तिथेच केले होते. दोन वर्षांत सॅम्युएल स्मिथ या धनिकाच्या भांडवलावर कंपनीची नव्याने उभारणी होऊन ती डेट्रॉइटला गेली. मार्च १९०१ मध्ये तिथला कारखाना आगीत भस्मसात झाला. त्या आगीतून एकच नमुना गाडी बाहेर काढता आली आणि म्हणून कंपनीने तीच बनवायला घेतली, अशी कथा सांगितली जाते. कथेत अतिशयोक्ती असेलही, पण पुढील काळात कंपनीने आपले सारे बळ त्या एका छोट्या गाडीमागे लावले हे खरे. पुढच्या बाजूला वळवलेल्या फळीमुळे ‘कर्व्ह्ड डॅश’ म्हणून ओळखली जाणारी ही एका सिलिंडरची गाडी ६५० डॉलरला मिळत असे. तिचे सुटे भाग बाहेरच्या कारखानदारांकडून येत, गिअर डॉज बंधूंकडून आणि इंजिने हेन्री लेलँडच्या कारखान्यातून, आणि जोडणीचे काम एकेका टप्प्याने पुढे सरकत असे. मोठ्या संख्येने मोटारी बनवण्याची ही पद्धत हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या कित्येक वर्षे आधीची आहे, याची आठवण आज फारशी कोणी ठेवत नाही. १९०३ मध्ये सुमारे चार हजार गाड्या विकून ओल्ड्समोबिल अमेरिकेतील सर्वाधिक खपाची मोटार ठरली.

स्मिथ कुटुंबाला मात्र मोठ्या, महागड्या गाड्या हव्या होत्या. या वादातून ओल्ड्स १९०४ मध्ये कंपनी सोडून गेला आणि आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याने ‘रिओ’ ही नवी कंपनी काढली. संस्थापकाविना राहिलेली मूळ कंपनी घसरत गेली आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये विल्यम ड्युरंट याने ती नुकत्याच स्थापन झालेल्या जनरल मोटर्ससाठी विकत घेतली.

ओल्ड्समोबिलला खरा अर्थ मिळवून दिला तो १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक गरजेला साजेशी मोटार आपल्याकडे असावी, हे त्यांचे धोरण होते. त्यानुसार सर्वांत खाली शेवरले, तिच्यावर १९२६ पासून पॉन्टिॲक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्युइक आणि सर्वांत वर कॅडिलॅक अशी किमतींची उतरंड तयार झाली. पगार वाढला की ग्राहकाने कंपनी न सोडता वरची पायरी चढावी, हा त्यामागचा हिशेब होता. ओल्ड्समोबिल या रचनेत नेमकी मध्यावर होती. ज्याला शेवरलेपेक्षा बरे काही हवे आहे, पण कॅडिलॅकचा दिमाख परवडत नाही किंवा आवडत नाही, असा ग्राहक तिच्याकडे येई. या रचनेतली एक गोष्ट पुढे निर्णायक ठरली, म्हणून इथेच नोंदवतो. प्रत्येक विभागाचे अभियंते वेगळे होते आणि इंजिनेही वेगळी होती. सांगाड्याचे भाग सामाईक असले तरी बॉनेट उघडल्यावर दिसणारे यंत्र त्या विभागाचे स्वतःचे असे.

मधल्या जागेचा एक मोठा फायदा ओल्ड्समोबिलच्या अभियंत्यांनी उचलला. शेवरलेचा खप इतका अफाट होता की तिथे एखादी चूक झाली असती तर सारी कंपनी हादरली असती, आणि कॅडिलॅकच्या लौकिकाला धक्का लागणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्यामुळे नवे तंत्र बाजारात आजमावायचे काम अनेकदा लॅन्सिंगकडे, म्हणजे डेट्रॉइटहून आपल्या मूळ गावी परतलेल्या ओल्ड्समोबिलकडे, आले. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ‘हायड्रामॅटिक’ ही गिअरपेटी १९४० च्या मॉडेलांवर अवघ्या ५७ डॉलरच्या जादा किमतीत मिळू लागली. मोठ्या प्रमाणावर बनलेली ती पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी होय. क्लचचे पेडल नाहीसे झाले आणि हाताने गिअर बदलण्याची गरजही संपली. कॅडिलॅकला ती एक वर्षाने मिळाली. महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या हलक्या रणगाड्यांमध्येही हीच गिअरपेटी बसवली गेली.

युद्धानंतर, १९४९ मध्ये, आलेल्या ‘रॉकेट’ इंजिनाने तर ओल्ड्समोबिलचे रूपच पालटले. युद्धानंतर चांगल्या प्रतीचे पेट्रोल सहज मिळू लागेल हे ओळखून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी उच्च दाबाच्या इंजिनांवर काम केले होते. त्या विचारातून ओल्ड्समोबिलने ३०३ घनइंचांचे, १३५ अश्वशक्तीचे, वरच्या बाजूला झडपा असलेले व्ही-८ इंजिन तयार केले. ते आकाराने लहान असलेल्या ‘८८’ या गाडीत बसवताच सामान्य पगारदाराला परवडणारी, पण रस्त्यावरच्या बहुतेक महागड्या मोटारींना मागे टाकणारी गाडी निर्माण झाली. नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेच्या त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रमुख शर्यतमालिकेचे पहिले विजेतेपद रेड बायरनने ओल्ड्समोबिल चालवूनच पटकावले. काटकसरी आणि सभ्य गृहस्थाची गाडी ही तिची जुनी प्रतिमा एका हंगामात मागे पडली आणि ‘रॉकेट’ हे नाव तिची ओळख होऊन बसले.

पुढची पंधरा-सतरा वर्षे हा प्रयोगशील स्वभाव टिकला. १९६२ ची ‘जेटफायर’ ही टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, असलेल्या जगातील पहिल्या उत्पादित मोटारींपैकी एक होती. इंजिनाची ठोक (इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के) टाळण्यासाठी तिच्या सिलिंडरांत पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण सोडावे लागे, आणि त्याची टाकी वेळेवर भरण्याची दक्षता अनेक मालक घेत नसत, त्यामुळे ती दोन हंगामांतच मागे घ्यावी लागली. १९६६ ची ‘टोरोनॅडो’ अधिक यशस्वी ठरली. १९३७ मध्ये कॉर्ड ही मोटार बंद झाल्यावर अमेरिकेत पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी कोणी बनवली नव्हती. ओल्ड्समोबिलने सात लिटरच्या प्रचंड इंजिनासह ती करून दाखवली. हे धाडस करणारा विभाग मधल्या किमतीच्या कौटुंबिक गाड्या विकून जगत होता, याचे मला आजही विशेष वाटते.

खप मात्र वाढवला तो ‘कटलास’ या मध्यम आकाराच्या गाडीने. १९७६ मध्ये ती अमेरिकेतील सर्वाधिक खपाची मोटार ठरली आणि १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलची वार्षिक विक्री प्रथमच दहा लाखांवर गेली. शेवरले आणि फोर्ड यांच्या खालोखाल तिसरे स्थान मधल्या पायरीवरच्या नाममुद्रेने मिळवणे हे असामान्य यश होते. मागणी इतकी वाढली की लॅन्सिंगमध्ये ‘रॉकेट’ इंजिने पुरेनाशी झाली, आणि जनरल मोटर्सने हजारो ‘डेल्टा ८८’ गाड्यांत ग्राहकांना न सांगता शेवरलेची इंजिने बसवली. शिकागोकडच्या एका ग्राहकाच्या गाडीला ओल्ड्समोबिलचे सुटे भाग बसेनात, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनी १९७७ मध्ये खटला भरला, इतर राज्यांतूनही दावे आले आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

दोन्ही इंजिने आकारमानाने आणि ताकदीने जवळजवळ सारखीच होती, हा कंपनीचा बचाव तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता, पण तो धंद्याच्या दृष्टीने आत्मघातकी होता. इंजिनात फरक नसेल तर शेवरलेपेक्षा जास्त पैसे कशासाठी मोजायचे, हा प्रश्न आता ग्राहकाच्या मनात कंपनीनेच पेरला. प्रदूषण नियंत्रणाच्या नव्या कायद्यांनुसार प्रत्येक इंजिनाची वेगळी चाचणी आणि मान्यता आवश्यक झाली होती. पाच विभागांसाठी पाच स्वतंत्र इंजिने बाळगणे त्यामुळे खरोखरच महाग पडत होते. ही अडचण मान्य केली तरी इंजिनाचे वेगळेपण सोडताना त्याच्या जागी दुसरे काही दिले गेले नाही, हे विसरता येत नाही.

लगेच दुसरा आघात झाला, आणि तो लॅन्सिंगच्या स्वतःच्या कामातून झाला. इंधन बचतीच्या सक्तीमुळे १९७८ च्या मॉडेलांसाठी ओल्ड्समोबिलने ५.७ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले. पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावर आधारलेल्या या इंजिनाचा सांगाडा अधिक मजबूत केलेला होता. परंतु त्याच यंत्रसामग्रीवर काम व्हावे म्हणून सिलिंडरचे हेड घट्ट धरणाऱ्या बोल्टची संख्या आणि रचना जुनीच ठेवली गेली. डिझेलमध्ये दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक असतो. बोल्ट ताणले जात, हेडखालचा सांधा बंद ठेवणारे गॅस्केट फुटे, थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये उतरे आणि इंजिन कायमचे निकामी होई. शिवाय इंधनातील पाणी वेगळे करणारी गाळणी बसवलेली नव्हती, त्यामुळे इंधन पंप गंजत. ग्राहकांनी न्यायालयात सामूहिक दावे लावले आणि १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले. अमेरिकी कुटुंबांच्या मनात डिझेल मोटारीविषयी जी अढी बसली, तिचा मोठा वाटा या इंजिनाकडे जातो. चार दशके नव्या तंत्रासाठी ज्या नावावर लोक विश्वास टाकत आले, त्या नावाची ही हानी कोणत्याही जाहिरातीने भरून येणारी नव्हती.

विक्रीचे आकडे तरीही चढतेच होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास दहा लाखांचा टप्पा पुन्हा ओलांडला गेला आणि त्यामुळे धोका कोणाला जाणवला नाही. याच काळात शेवरले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक यांच्या मध्यम गाड्या एकाच साच्यातून निघू लागल्या. समोरची जाळी आणि दिवे झाकले तर त्या ओळखता येऊ नयेत इतक्या त्या सारख्या दिसत. १९८४ च्या पुनर्रचनेत ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांचे अभियंते एकाच गटाखाली आणले गेले आणि लॅन्सिंगचा स्वतंत्र अभियांत्रिकी विभाग व्यवहारात संपला. स्लोन यांच्या उतरंडीत पायऱ्यांची नावे तेवढी उरली. त्याच सुमारास होंडा आणि टोयोटा यांच्या गाड्या मधल्या वर्गाच्या घराघरांत पोहोचत होत्या, आणि १९८९ मध्ये होंडाची ‘अकॉर्ड’ अमेरिकेतील सर्वाधिक खपाची मोटार झाली. ती जागा तेरा वर्षांपूर्वी ‘कटलास’ची होती.

या पार्श्वभूमीवर १९८८ ची ती प्रसिद्ध मोहीम आली. ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे’ असे सांगणाऱ्या जाहिरातींत नामवंत कलाकार आपल्या मुलांसह झळकले. घोषवाक्य लोकांच्या तोंडी बसले, पण विक्री घटली. नव्या पिढीला दाखवायला गाडी नवी नव्हती आणि निष्ठेने येणाऱ्या वडीलधाऱ्या ग्राहकाला आपण नकोसे झालो आहोत असा संदेश मिळाला. मोहिमेचा दोष एवढाच की, आतून झालेली झीज तिने सर्वांसमोर मांडली.

१९९० च्या दशकात विभागप्रमुख जॉन रॉक यांनी सावरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. १९९४ मध्ये आलेली ‘ऑरोरा’ ही देखणी आणि भक्कम गाडी होती, पण तिच्या बाह्यांगावर ओल्ड्समोबिल हे नावच लिहिलेले नव्हते. मागोमाग ‘इन्ट्रिग’ आणि ‘अलेरो’ आल्या. याच गाड्या दहा वर्षे आधी आल्या असत्या तर कदाचित वेगळे घडले असते. २००० पर्यंत वार्षिक विक्री तीन लाखांखाली आली होती.

शेवटची ‘अलेरो’ २९ एप्रिल २००४ रोजी लॅन्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली. १०७ वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक ओल्ड्समोबिल बनल्या. विक्रेत्यांना दालने बंद करण्याबद्दल किंवा दुसरी नाममुद्रा स्वीकारण्याबद्दल भरपाई द्यावी लागली आणि तो खर्च कंपनीला फार जड गेला. इतर जुन्या अमेरिकी नाममुद्राही याच काळात कोसळत होत्या. क्रायस्लरची प्लिमथ २००१ मध्ये बंद झाली होती, पॉन्टिॲक २०१० मध्ये संपली आणि फोर्डची शेवटची मर्क्युरी जानेवारी २०११ मध्ये बनली. लॅन्सिंगमध्ये मोटारी बनणे मात्र थांबले नाही. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या नव्या कारखान्यातून कॅडिलॅक बाहेर पडू लागल्या.