मिसिसिपीच्या कड्यांवरचे गवत

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, विनोना शहरापासून मिसिसिपीच्या काठाकाठाने थोडे खाली गेले की ग्रेट रिव्हर ब्लफ्स नावाचे राज्य उद्यान लागते. नदीपासून सुमारे १५० मीटर उंच उठलेले कडे, त्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या पायवाटा आणि वाटेच्या टोकाशी अचानक उलगडणारे रुंद खोरे, एवढ्यासाठी बहुतेक लोक इथे येतात, आणि ते दृश्य खरोखरच यावे असे आहे. परंतु किंग्ज ब्लफ या कड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर नदीइतकीच पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. ही वाट ओकसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या दाट सावलीतून जाते, आणि कड्याचा नैर्ऋत्येकडे तोंड असलेला उतार आला की पाच-दहा पावलांत झाडे संपून गुडघाभर गवत सुरू होते. इथे कुणी कुऱ्हाड चालवून शेत काढलेले नाही. उतार इतका तीव्र आहे की नांगर इथे कधी पोहोचलाच नाही. पाऊस तोच, खडक तोच, हवाही तीच. मग एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला प्रेअरीचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोकळ्या गवताळ रानाचे गवत, ही सीमा आखली कुणी?

उत्तराची सुरुवात खडकापासून करावी लागते. सह्याद्रीचे कडे लाव्हारसाचे आहेत, तर हे कडे समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, उबदार समुद्र पसरलेला होता. त्या समुद्राच्या वाळूचा वालुकाश्म झाला. त्यावर पुढच्या काळात साचलेल्या चुनखडी गाळाचा डोलोमाईट झाला. वालुकाश्म तुलनेने भुसभुशीत आणि डोलोमाईट टणक असल्यामुळे माथा शाबूत राहतो, खालचा भाग झिजत जातो आणि कड्याचा उभेपणा टिकून राहतो.

हा उभेपणा आणखी एका कारणाने वाचला. शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता आणि सरकत्या बर्फाने जिथे जिथे मजल मारली तिथे टेकड्या घासल्या, दऱ्या गाळाने बुजवल्या. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांच्या सांध्यावरचा हा मुलूख मात्र त्या बर्फाने वगळला. बर्फाचे पट्टे त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेले. पुढे बर्फ वितळू लागले तेव्हा उत्तरेकडे अगासिझ नावाचे अतिप्रचंड सरोवर साचले आणि त्याचे पाणी हजारो वर्षे याच खोऱ्यातून वाहत राहिले. सरोवरातून आल्यामुळे त्या पाण्यात गाळ कमी होता आणि खोदण्याची ताकद अफाट होती. आज दिसणारी नदी त्या जुन्या प्रवाहाच्या मानाने लहान आहे, आणि खोऱ्याचा सपाट तळ म्हणजे नंतर भरत गेलेली वाळू-खडी आहे. खडकाचा मूळ तळ कितीतरी खोल गाडलेला आहे.

खडक आणि पाणी यांनी उतार घडवला, पण त्यावर काय उगवायचे हे सूर्याने ठरवले. हे उद्यान सुमारे ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबावीस अंश वर येतो. सपाट जमिनीवर ते ऊन फार तिरपे पडते. मात्र दक्षिणेकडे ४० अंशांनी झुकलेल्या उतारावर तेच किरण साडेबासष्ट अंशांच्या कोनात, म्हणजे बरेचसे सरळ पडतात. त्यामुळे प्रत्येक चौरस मीटरला सपाट जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. आपल्याकडे गच्चीवर सौर बंब बसवताना त्याच्या नळ्या दक्षिणेकडे तिरक्या ठेवतात, तो हाच हिशेब आहे. याउलट, उत्तरेकडे तितक्याच झुकलेल्या उतारावर त्या दुपारी सूर्यकिरण पोहोचतच नाहीत.

प्रश्न असा पडेल की मग हे गवत नेमके दक्षिणेकडच्या उतारावर नसून बहुधा नैर्ऋत्येकडच्या उतारावर का असते. सकाळचे ऊन पूर्वेच्या उतारावर पडते तेव्हा हवा गार असते, दव सुकायचे असते. नैर्ऋत्येच्या उतारावर ऊन सरळ पडते ते दुपारनंतर, जेव्हा हवा आधीच तापलेली आणि जमीन आधीच सुकलेली असते. म्हणून उन्हाळ्यात सर्वांत कोरडा पडतो तो हाच उतार. हिवाळ्यातील परिणाम मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्या प्रदेशात हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत सहज उतरते, तरीही स्वच्छ दिवशी या उतारावरचा बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री ते पाणी पुन्हा गोठते. उत्तरेच्या उतारावर बर्फाचे पांघरूण महिनोन्महिने जमिनीला सांभाळते. इथे ते टिकत नाही. गोठणे आणि वितळणे यांच्या या रोजच्या खेचाखेचीत पातळ माती वर-खाली होते, कोवळ्या रोपांची मुळे तुटतात आणि झाडाचे रोप पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच मरण्याची शक्यता वाढते.

गवताला हे सारे सोसते, कारण त्याचा जीव जमिनीखाली असतो. या उतारांवरचे मुख्य गवत म्हणजे लिटल ब्लूस्टेम. ते झुबक्यांनी वाढते, उन्हाळ्यात त्याच्या बुडाशी निळसर झाक असते आणि शरद ऋतूत सारा उतार तांबूस दिसू लागतो. झुबका हाताने बाजूला केला तर दोन झुबक्यांच्या मधे उघडी माती आणि डोलोमाईटच्या कपच्या दिसतात. मातीचा थर इतका पातळ असतो की मुळे खडकाच्या भेगांतून वाट काढत खाली जातात. लिटल ब्लूस्टेम, त्याच्यासोबत वाढणारे बिग ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास ही तिन्ही गवते वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात आपली ज्वारी, मका आणि ऊस ज्या गटात येतात त्याच गटातली आहेत. हे नाते केवळ नावापुरते नाही. या सर्वांच्या पानांत हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी साठवून मग वापरण्याची व्यवस्था असते. त्यामुळे पानावरची छिद्रे फार काळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि कडक उन्हात कमी पाण्यावर जास्त वाढ साधते. कोरडवाहू ज्वारी ज्या गुणावर तग धरते, त्याच गुणावर मिसिसिपीच्या कड्यावरचे गवत उभे आहे.

एप्रिलमध्ये, गवताला अजून हिरवा कोंब फुटलेला नसताना, या उतारांवर पास्क फुले उमलतात. फिकट जांभळी, पेल्याच्या आकाराची ही फुले पाने येण्याआधीच वाळक्या गवतातून वर येतात. जवळून पाहिले तर देठ, कळी आणि फुलाची बाहेरची बाजू लांब, रुपेरी, रेशमी लवीने झाकलेली दिसते. ही लव गार वाऱ्यापासून आडोसा देते आणि उष्णता धरून ठेवते; त्यातच पेल्याचा आकार सूर्याकडे उघडा असल्याने फुलाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहते. त्या दिवसांत बाहेर पडलेल्या मोजक्या कीटकांना अशी ऊबदार जागा हवीच असते, आणि परागणाचे काम त्यातून होऊन जाते.

ऊब शोधणारा दुसरा रहिवासी म्हणजे टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप. मिनेसोटात तो केवळ आग्नेयेच्या या कड्यांच्या पट्ट्यातच आढळतो. हिवाळा तो डोलोमाईटच्या खोल भेगांत, जमीन गोठते त्या पातळीच्या खाली काढतो आणि वसंतात उन्हाने तापलेल्या खडकांवर येऊन पडतो. या सापाच्या माद्या बऱ्याच उशिरा वयात येतात आणि त्यानंतरही दर वर्षी पिल्ले देत नाहीत. म्हणून एकेक प्रौढ मादी मारली जाणे त्यांच्या संख्येला फार महाग पडते. तरीही १९८९ पर्यंत या राज्यात रॅटलस्नेक मारणाऱ्याला इनाम देण्याची पद्धत होती. आता त्याला कायद्याने संरक्षण आहे. पायवाटेवर तो दिसलाच तर दूर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे; तो स्वतःहून माणसाच्या अंगावर येत नाही.

किंग्ज ब्लफच्या टोकावरून शेजारचा क्वीन्स ब्लफ दिसतो. त्याच्या थंड बाजूवर नॉर्दर्न व्हाइट सीडर या उत्तरेकडच्या झाडांचा एक लहानसा समूह आहे, हिमयुगानंतरच्या थंड काळातून मागे राहिलेला. या प्रदेशात इतरत्र याहून नवलाचे उतार आहेत. आयोवाच्या ईशान्य भागात उत्तरेकडे तोंड असलेल्या काही उतारांच्या आत, खडकांच्या पोकळ्यांत, हिवाळ्यात गोठलेला बर्फ उन्हाळ्यातही शिल्लक असतो आणि त्यावरून येणारी गार हवा उताराच्या फटींतून सतत बाहेर पडते. भर उन्हाळ्यातही तिथल्या जमिनीचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर क्वचितच जाते. आयोवा प्लाइस्टोसीन स्नेल ही जेमतेम आठ मिलिमीटरची गोगलगाय आधी जीवाश्मांवरूनच माहीत होती आणि ती हिमयुगाबरोबर नष्ट झाली असे मानले जाई. १९५५ मध्ये ती अशाच उतारावर जिवंत सापडली. तिच्यासोबत तिथे नॉर्दर्न मंक्सहूड ही निळ्या फुलांची दुर्मीळ वनस्पती वाढते, जी आयुर्वेदातल्या बचनागाची सख्खी नातलग आहे. एकाच खडकाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या काळात जगत असाव्यात, हे निव्वळ उताराच्या दिशेमुळे घडते.

तरीही सूर्य आणि पातळ माती यांच्यावर सारे सोपवून चालत नाही. तसे असते तर कड्यांवरचे गवत आज आकसत गेले नसते. १९३० च्या दशकातली हवाई छायाचित्रे आणि आजची छायाचित्रे शेजारी ठेवली की या प्रदेशातले उघडे उतार कसे झाडोऱ्याने व्यापले गेले ते स्पष्ट दिसते. यातला तिसरा घटक आग आहे. डकोटा ही इथली मूळ अमेरिकी जमात या मुलुखात शतकानुशतके राहत होती आणि गवत ठरवून पेटवत होती. नवा चारा फुटावा, शिकार यावी, वाटा मोकळ्या राहाव्यात, अशी त्यामागे कारणे होती. १८५१ च्या करारांनी डकोटांकडून ही जमीन घेतली गेली, युरोपीय वंशाचे शेतकरी आले आणि आग विझवणे हेच शहाणपण मानले जाऊ लागले. काही काळ गुरांनी उतार मोकळे ठेवले, पुढे चराईही थांबली, आणि ईस्टर्न रेड सीडर या सदाहरित झाडाने गवतात पाय रोवले. एक सीडर वाढले की त्याच्या सावलीत गवत विरळ होते, गवत विरळ झाले की आग पसरायला जळण उरत नाही, आणि आग नाही म्हणून आणखी सीडर उगवतात. सपाटीवरच्या प्रेअरीचे तर याहून वाईट झाले, कारण तिथे नांगर पोहोचला: मिनेसोटात एके काळी सुमारे १ कोटी ८० लाख एकर प्रेअरी होती, तिच्यातली आज एक टक्क्याहून थोडीच अधिक उरली आहे.

आपल्याकडेही माळरानाला पडीक समजून त्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात, आणि ते चांगल्या मनाने होतात म्हणूनच त्यांच्याविषयी बोलणे अवघड जाते. पण गवताळ जमीन ही काही जंगल व्हायची राहून गेलेली जमीन नव्हे. तिच्यावर झाडे वाढवली की तिथले गवत, फुले, कीटक आणि पक्षी यांचे घर जाते.

कड्यांवरचे गवत परत आणण्याच्या कामात एक गोष्ट सोयीची आहे. रेड सीडर सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापले तर पुन्हा फुटत नाही. सुमाक आणि बकथॉर्न या झुडपांचे तसे नाही. ती बुडापासून दुप्पट जोमाने फुटतात आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षे लागावे लागते, काही ठिकाणी त्यासाठी शेळ्याही सोडतात. सीडरची तोड बहुधा हिवाळ्यात होते, कारण तेव्हा जमीन गोठलेली असते, साप भेगांत असतात आणि फांद्यांचे ढीग बर्फावर सुरक्षितपणे जाळता येतात. त्यानंतर वसंतात नियोजित आग लावली जाते. वाळके गवत काही मिनिटांत जळून जाते, जमिनीखालचे कोंब सुरक्षित राहतात आणि काळ्या पडलेल्या मातीला ऊन अधिक मिळाल्याने नवे गवत लवकर वर येते. मात्र सारा उतार एकाच वर्षी जाळत नाहीत. वाळक्या काड्यांत आणि पाचोळ्यात अनेक कीटकांची अंडी व कोष हिवाळा काढत असतात. म्हणून उताराचे भाग पाडून दर खेपेस एखादाच भाग पेटवतात, म्हणजे न जळालेल्या भागातले कीटक त्याच उन्हाळ्यात शेजारच्या नव्या गवतावर परत येऊ शकतात.