प्रिंटर कंप्युटरला दिसत नाही? दुकानात आणायच्या आधी एवढं बघा

पावसाळा लागला की आमच्याकडे हेच फोन जास्त येतात, काल प्रिंटर चालत होता आणि आज कंप्युटर ओळखतच नाही. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतोच, म्हणून साखळीहून नाहीतर पेडण्याहून भर पावसात घेऊन यायच्या आधी घरीच जरा बघा, फेरी वाचेल.

सगळ्यात आधी केबल. दोन्ही टोकं काढून पिनांवर टॉर्च मारा, आपल्याकडच्या दमट हवेत आणि त्यात घर समुद्राजवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने तिथे गंज चढतो. मग केबल थेट कंप्युटरच्या मागच्या पोर्टात लावा, मध्ये हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) नको आणि केबल पाच मीटरपेक्षा लांब पण नको, यूएसबी 2.0 ची मर्यादाच तेवढी आहे. लावल्यावर कंप्युटरने टुंग करून आवाज दिला तर समजा त्याला काहीतरी लावलंय एवढं तरी कळलंय. आवाज नाही तर दुसरी केबल, मग दुसरा लॅपटॉप, आणि तिथेही दिसत नसेल तर प्रिंटरचा पोर्ट किंवा आतला बोर्ड गेला असेल, विजा चमकून गेल्यावर असं होतं, ते मात्र आमच्याकडेच आणा.

आवाज येतो पण प्रिंट निघत नाही, इथे लोक फार अडकतात. पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी तोच प्रिंटर नवा समजून नावापुढे ‘कॉपी 1’ लावून दुसरा बनवतं, आणि तुम्ही पावत्या पाठवत राहता जुन्याला, जो ऑफलाइन पडलेला असतो. प्रिंटरच्या यादीत जाऊन नवीन वाला डिफॉल्ट करा, जुना रिमूव्ह करा. तरी हलत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारा प्रोग्राम, रिस्टार्ट करा, अडकलेलं काम बऱ्याचदा त्याने सुटतं.

वायफायचा प्रिंटर असेल तर लाइट जाऊन आल्यावर राउटर त्याला वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊ शकतो आणि कंप्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो, तेव्हा प्रिंटर काढून परत ॲड करा. आणि बरेच प्रिंटर वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, नवीन राउटर घेतलाय आणि प्रिंटरला नेटवर्कच दिसत नाही तर राउटरवर हा बँड चालू आहे का ते आधी तपासा.

नवीन प्रिंटर असेल तर केबल लावायची घाई नको, खूप मॉडेलना आधी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकावा लागतो, पोर्टावर तसा स्टिकरच असतो. ड्रायव्हर कंपनीच्याच साइटवरून घ्या. सर्च केल्यावर ‘प्रिंटर सपोर्ट’ म्हणून जे फोन नंबर वर दिसतात त्यांना कृपा करून फोन करू नका, त्यातले काही फसवे असतात, कंप्युटरचा ताबा मागतात आणि मग बँकेच्या खात्यापर्यंत जातात. कोणी कितीही गोड बोललं तरी ताबा देऊ नका, आधी आम्हाला विचारा, विचारायचे पैसे आम्ही घेत नाही.

आणायचाच झाला तर केबल आणि पॉवरची वायर दोन्ही सोबत आणा, आणि शाईच्या टाकीवाला असेल तर आडवा धरू नका, शाई आत सांडते.