खुर्दबीन ते सूक्ष्मदर्शक

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला म्हणतात 'खुर्दबीन'. आपल्या गावांच्या नावांत बुद्रुकशेजारी जो 'खुर्द' येतो, तोच हा. मूळ फारसी, अर्थ लहान. दूरबीन मराठीत दुर्बीण होऊन मुरली, खुर्दबीन मात्र मागे राहिली.

शाळेच्या कपाटात आज जो सूक्ष्मदर्शक असतो, खाली आरसा, वर नळी, बाजूला दोन स्क्रू, तो बहुधा अंबाल्याहून आलेला असतो. पण त्याची रचना एकोणिसाव्या शतकातली आहे. यात कमीपणा काही नाही. कारण तिथवर यायलाच दोनशे वर्षं लागली.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने दोन भिंगांच्या यंत्राखाली बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं, म्हणजे आपली पेशी. पुढच्या दशकात डेल्फ्टचा कापडव्यापारी ल्युवेनहॉक हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान अशा एकाच भिंगातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहत होता. दोन भिंगांवर एक भिंग भारी कसं पडलं? काच प्रत्येक रंगाला वेगळी वाकवते. त्यामुळे चित्राच्या कडांना इंद्रधनुषी झालर येते, आणि दोन भिंगं लावली की हा दोषही मोठा होऊन दिसतो. जवळपास दीडशे वर्षं संयुक्त, म्हणजे असा दोन भिंगांचा, सूक्ष्मदर्शक याच झालरीत अडकून पडला. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने वेगवेगळ्या काचांच्या जोडभिंगांमध्ये नेमकं किती अंतर ठेवावं हे मांडलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांचा पेशीसिद्धांत आला: वनस्पती असो की प्राणी, सगळे पेशींचेच बनलेले.

१८७३ मध्ये अर्न्स्ट अॅबेने मर्यादाही सांगून टाकली: प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणारच नाहीत. म्हणजे सुमारे ०.२ मायक्रोमीटर. स्वस्त सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावर '२००० पट' छापलेलं असतं, ते म्हणून फसवं. चित्र फुगतं, तपशील वाढत नाही.

आता आपल्या भागाजवळची गोष्ट. २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबाद संस्थानातल्या सिकंदराबाद छावणीत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. आपला मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. रॉसच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते, उरलेल्या एकुलत्या नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, तडा गेला होता. पंखा ओढावा तर डास उडून जाणार, म्हणून तोही बंद. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू द्यायचे, चाव्याला त्याला एक आणा. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

त्यामुळे 'आमच्या प्रयोगशाळेतला जुना झालाय' ही सबब मला फारशी पटत नाही. आरशाला वीज लागत नाही, भारनियमनातही वर्ग चालतो. फक्त आरसा खिडकीकडे वळवावा, थेट सूर्याकडे कधीच नाही. आपल्या उन्हाळ्यात तर डोळा कायमचा जाईल. सुरुवात १० पटीच्या वस्तुभिंगापासून, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगापासून. १० पटीची नेत्रिका धरून १०० पट, कांद्याच्या पातळ पापुद्र्याला तेवढं पुरे. ४५ पटीचं भिंग स्लाइडला जवळजवळ टेकतं. तिथे मोठा स्क्रू फिरवला की काच फुटलीच म्हणून समजा, फक्त लहान स्क्रू वापरायचा.

कांदा झाला की वेचणीच्या दिवसांत मुलं शेतातून आणतात तो कापूस ठेवून पाहावा. ल्युवेनहॉकच्या धंद्यातलीच चीज. सरकीवरचा तंतू चपट्या, पिळलेल्या फितीसारखा दिसतो. शेजारी गणवेशातला पॉलिएस्टरचा धागा ठेवला तर तो सरळसोट, काचेच्या कांडीसारखा.