ट्रॅप आलाच नाही, की वाटेत हरवला?

स्विचचं एखादं पोर्ट बंद पडलं की स्विच स्वतःहून मॉनिटरिंग सर्व्हरला छोटा संदेश धाडतो. हाच एसएनएमपी (नेटवर्क उपकरणांवर देखरेख ठेवायचा प्रोटोकॉल) ट्रॅप. सर्व्हर ठरावीक वेळाने स्विचची विचारपूस करतो ती यूडीपीच्या (पोचपावतीविना पाठवणीचा प्रोटोकॉल) १६१ क्रमांकाच्या पोर्टवर. ट्रॅप येतो १६२ वर. हा कारभार साध्या पोस्टकार्डासारखा, पोचपावती नाही. त्यामुळे स्क्रीनवर शांतता असली तर नेटवर्क ठणठणीत आहे की ट्रॅप मध्येच गहाळ होतायत, हे नुसतं बघून कळत नाही. खोटा ट्रॅप सोडूनच ते तपासावं लागतं.

त्यासाठी चालू स्विचची केबल उपटायची गरज नाही. लिनक्सवर नेट-एसएनएमपीमधली ‘एसएनएमपीट्रॅप’ कमांड पुरते. क्रम असा: एसएनएमपीची आवृत्ती २सी, कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द), सर्व्हरचा आयपी, अपटाइमच्या (उपकरण किती वेळ चालू आहे त्याच्या) जागी रिकामी अवतरणचिन्हं, मग ओआयडी (कोणता ट्रॅप ते सांगणारा आकड्यांचा ओळखक्रमांक). (ती चिन्हं विसरलात तर ओआयडीच अपटाइमच्या जागी जाऊन बसतो.) लिंकडाउनचा ओआयडी १.३.६.१.६.३.१.१.५.३; लिंकअपसाठी शेवटचा आकडा ४. पुढे इफइंडेक्स (पोर्टचा क्रमांक), अ‍ॅडमिनस्टेटस १ आणि ऑपरस्टेटस २ जोडा. म्हणजे पोर्ट चालू ठेवलंय, पण प्रत्यक्षात बंद आहे. दोन्ही स्टेटस २ पाठवले तर ते कुणीतरी हाताने बंद केलेलं पोर्ट ठरतं. अलार्मचा नियम विचार करून लिहिला असेल तर अलार्म वाजणारच नाही, आणि तसंच हवं.

कमांड सर्व्हरवरूनच चालवून ‘आला’ म्हणणं ही नेहमीची फसगत. लूपबॅकवरचा (सर्व्हरने स्वतःलाच पाठवलेला) ट्रॅप वाटेतलं एकही फायरवॉल ओलांडत नाही. स्विच ज्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या आभासी भागात) आहेत तिथूनच पाठवा.

सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून १६२ वर लक्ष ठेवा. पॅकेट दिसलंच नाही तर दोष वाटेत. दिसलं, पण ट्रॅप घेणाऱ्या एसएनएमपीट्रॅपडीच्या लॉगमध्ये नाही, तर आधी सर्व्हरचं स्वतःचं फायरवॉल बघा; टीसीपीडम्पला पॅकेट त्याच्याआधी दिसतं. तिथे काही नसेल तर कॉन्फिगमधली ‘ऑथकम्युनिटी’ ही ओळ तपासा. आवृत्ती ५.३ पासून परवानगी नसलेला ट्रॅप सरळ फेकला जातो. त्या ओळीत फक्त ‘लॉग’ असेल आणि ‘एक्झिक्यूट’ नसेल, तर ट्रॅप लॉगमध्ये उमटतो पण पुढची स्क्रिप्ट चालत नाही. यात भलेभले अर्धा दिवस घालवतात.

लॉगपर्यंत सगळं ठीक, तरी झॅबिक्स (मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर) गप्प? झॅबिक्स ट्रॅपला होस्टशी (त्यात नोंदवलेल्या उपकरणाशी) जोडतो ते पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून. ट्रॅप लॅपटॉपवरून सोडला असेल तर पत्ता लॅपटॉपचा, आणि तसा होस्टच नाही! चाचणीपुरता त्या आयपीचा होस्ट तयार करा. खऱ्या स्विचच्या वाटेत नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारी यंत्रणा) असेल तर हेच दुखणं उद्भवतं. होस्ट जुळूनही ट्रॅप ‘फॉलबॅक’ (कशाशीच न जुळलेल्या ट्रॅपच्या) आयटममध्ये पडत असेल, तर रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) चुकलंय. बहुधा एमआयबी (ओआयडींना नावं देणारी फाइल) लोड झाल्याने लॉगमध्ये आकड्यांऐवजी नावं आलेली असतात.

एसएनएमपीच्या आवृत्ती ३ मध्ये आणखी एक खोच. तिथे पाठवणाऱ्याचा इंजिन आयडी (त्याच्या एसएनएमपी प्रोग्रॅमची खास ओळख) चालतो, म्हणून ट्रॅपडीमध्ये युझर त्या आयडीसकटच तयार करावा लागतो.

शेवटी लूप लावून हजार ट्रॅप एकदम सोडा आणि लॉगमध्ये मोजा. कमी भरले तर ‘नेटस्टॅट’मधल्या यूडीपीच्या आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर वाढलेत का बघा. मात्र स्विचचा एकुलता एक अपलिंकच तुटला, तर त्याची बातमी देणारा ट्रॅप त्याच तुटलेल्या वाटेने यायचा असतो; ती घटना पकडायला १६१ वरची विचारपूसच लागते.