नदीगाळातील हवामान-नोंद

नदीने थराथराने साचवलेल्या गाळातून प्राचीन पाऊसमान, कोरडेपणा आणि वनस्पतिजीवन यांविषयी मिळणारा पुरावा. सरोवराच्या तळाशी गाळ बहुधा संथपणे व सलग बसतो. नदी मात्र गाळ टाकते तसाच खरवडूनही नेते. त्यामुळे तिच्या थरांत हवामानाबरोबर नदीचा स्वतःचा इतिहासही मिसळलेला असतो आणि हे दोन वेगळे ओळखणे, हेच या अभ्यासातले खरे कठीण काम आहे.

बडोद्याच्या उत्तरेकडून वाहणारी मही नदी रायका व वासद परिसरात आपल्याच जुन्या गाळात खोल उतरली आहे. तेथील उंच कडे आणि कोतरे (पाण्याने कोरलेल्या खोल घळी) यांचा महाराजा सयाजीराव विद्यापीठातील भूवैज्ञानिकांनी दीर्घकाळ अभ्यास केला आहे. कड्याच्या खालच्या भागातील तिरप्या थरांची वाळू व गोटे वेगवान प्रवाह दाखवतात. त्यावरचा तांबडा मातीचा पट्टा, गाळ पडणे थांबून जमीन बराच काळ उघडी राहिल्याची खूण आहे. मातीतले चुन्याचे कंकर आलटूनपालटून येणारी ओल व कोरड सुचवतात. माथ्याचा बारीक गाळ मात्र वाऱ्याने आणलेला असून तो शेवटच्या हिमकाळातील शुष्कतेशी जोडला जातो. मातीतील कार्बनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून गवत अधिक होते की झाडी, याचाही अंदाज बांधता येतो.

कालमापनातही नदीची लुडबुड असते. वाळूच्या कणावर शेवटचे ऊन कधी पडले, हे प्रकाश-उद्दीपित कालमापनाने कळते. पण गढूळ पुरातून आलेल्या कणांना पुरेसे ऊन मिळालेले नसल्यास वय प्रत्यक्षाहून जास्त निघते. कर्बमापनात, म्हणजे जैविक अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनवरून वय काढताना, वरच्या काठांवरून धुऊन आलेला जुना कोळसा तसाच घोटाळा करतो.

कोतरांचा खोलपणा हाही केवळ पावसाचा पुरावा नव्हे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मही जिथे समुद्राला मिळते त्या खंबायतच्या आखाताचा तळ उघडा पडला होता. समुद्रपातळीची अशी चढउतार, भूकवचाची हालचाल आणि मोसमी पावसाचे कमीजास्त होणे, या तिन्हींमुळे नदीचे पात्र खोल जाऊ शकते. आता बांसवाड्याजवळचे माही बजाज सागर आणि त्याखालचे कडाणा ही मही नदीवरील धरणे गाळ अडवतात, त्यामुळे आखातातील अलीकडचा थर पातळ दिसला तरी तेवढ्यावरून पाऊस घटल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.